ढिगाखालची ओल : जनुकीय बदल केलेले अन्न आणि खाणाऱ्याचा जाणण्याचा हक्क

अन्नाविषयीचा पवित्र कुरआनातील एक महत्त्वाचा आदेश समस्त मानवजातीला उद्देशून आला आहे. सूरह अल-बकराच्या १६८ व्या आयतीत लोकांना सांगितले आहे की, पृथ्वीवर जे काही आहे त्यातून हलाल आणि तय्यब असेल ते खावे आणि सैतानाच्या पावलांवर पाऊल टाकू नये. हलाल म्हणजे शरीअतने वैध ठरवलेले. तय्यब या शब्दाची व्याप्ती मोठी आहे. शुद्ध, स्वच्छ, शरीरास हितकर आणि सरळ मार्गाने मिळालेले, असे सर्व अर्थ त्यात सामावतात.

सूरह अल-कहफमध्ये गुहेतील तरुणांचा प्रसंग आहे. दीर्घ निद्रेतून जागे झालेले ते तरुण भुकेले होते आणि जिवाच्या भीतीने लपलेले होते. तरीही आपल्यातील एकाला चांदीचे नाणे देऊन शहरात पाठवताना त्यांनी त्याला बजावले की, सर्वांत शुद्ध अन्न कोणाकडे आहे ते पाहून आण. भूक आणि भय दोन्ही असतानाही अन्नाची चौकशी करणे त्यांनी सोडले नाही. यावरून एवढे निश्चित समजते की, आपण काय खात आहोत हे विचारणे हा श्रद्धावंताच्या सदाचाराचा भाग आहे.

आज हाच प्रश्न एका नव्या स्वरूपात आपल्या स्वयंपाकघरापर्यंत आला आहे. जनुकीय बदल केलेले अन्न, ज्याला सर्वत्र ‘जीएम अन्न’ म्हणतात, ते सुरक्षित आहे काय, आणि त्याच्या वेष्टनावर तसा उल्लेख असावा काय, यावर गेली तीस वर्षे जगभर वाद चालू आहे. या वादात दोन स्वतंत्र प्रश्न एकमेकांत मिसळले गेले आहेत. एक प्रश्न सुरक्षिततेचा, दुसरा प्रामाणिक माहितीचा. पहिल्याचे उत्तर मिळाले की दुसरा प्रश्न आपोआप मिटतो, असे अनेकांना वाटते. इस्लामी शिकवणीच्या प्रकाशात हे मत कितपत टिकते, ते या लेखात पाहू.

हे अन्न म्हणजे काय?

प्रत्येक सजीवाच्या पेशीत जनुके असतात. कोणते प्रथिन तयार करायचे याची सूचना त्यांत असते. शेतकरी हजारो वर्षे चांगले बी निवडून आणि दोन वाणांचा संकर करून पिके सुधारत आला आहे. जनुकीय अभियांत्रिकीत मात्र एका सजीवातील नेमके जनुक प्रयोगशाळेत घेऊन, अथवा त्याची प्रत बनवून, दुसऱ्या सजीवात घातले जाते. त्या दोहोंत नैसर्गिक संकर शक्य नसला तरी हे करता येते.

आपल्या परिचयाचे उदाहरण बीटी कापसाचे आहे. ‘बॅसिलस थुरिंजिएन्सिस’ नावाचा जिवाणू मातीत असतो. त्याच्यापासून बनणारे एक प्रथिन बोंडअळीच्या आतड्यात जाऊन तिला मारते. त्या प्रथिनाचे जनुक कापसात घातले, तेव्हा झाड स्वतःच ते प्रथिन बनवू लागले. भारतात २००२ साली या कापसाला परवानगी मिळाली आणि आज देशातील बहुतांश कापूस याच प्रकारचा आहे. विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशातील वाचकांना हे वेगळे सांगायला नको. कापूस आपण नेसतो, पण त्याच्या सरकीचे तेल काढले जाते आणि पेंड दुभत्या जनावरांना घातली जाते, हे अनेकदा ध्यानात येत नाही. म्हणजे जनुकीय बदल केलेल्या पिकाचा आपल्या आहाराशी संबंध दोन दशकांपूर्वीच आला आहे. भारतात येणारे सोयाबीन तेलही मोठ्या प्रमाणात अर्जेंटिना आणि ब्राझीलमधून येते आणि तेथील जवळजवळ सर्व सोयाबीन जनुकीय बदल केलेले असते.

या विषयावर भारतात सर्वांत मोठी जाहीर चर्चा झाली ती बीटी वांग्याच्या निमित्ताने. हे वांगे जालना येथे स्थापन झालेल्या महिको या बियाणे कंपनीने विकसित केले होते. शेंडे आणि फळे पोखरणारी अळी त्याला लागू नये, हा हेतू होता. ऑक्टोबर २००९ मध्ये जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने त्याला मंजुरी दिली. परंतु वांगे कापसासारखे नाही. ते थेट ताटात येते. त्यामुळे तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी २०१० च्या प्रारंभी देशातील सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या. त्यांपैकी एक नागपुरात झाली. शेतकरी, शास्त्रज्ञ, डॉक्टर, ग्राहक संघटना असे सर्वजण तेथे बोलले. ९ फेब्रुवारी २०१० रोजी त्यांनी या वांग्याच्या लागवडीस स्थगिती दिली. शेजारच्या बांगलादेशाने मात्र २०१३ मध्ये बीटी वांग्याला परवानगी दिली आणि २०१४ पासून तेथील शेतकरी ते पिकवत आहेत. वस्तू एकच, पण दोन शेजारी देशांचे निर्णय भिन्न. अशा वेळी सामान्य माणसाने काय समजावे?

सुरक्षिततेचा प्रश्न

आदरणीय पैगंबर मुहम्मद (स.) यांच्या काळातील खजुराच्या परागीकरणाचा प्रसंग सहीह मुस्लिममध्ये आला आहे. मदीनेचे लोक नर खजुराचा मोहर मादी झाडावर घालत असत. ते न केल्यास चालणार नाही काय, असे पैगंबरांनी (स.) सुचवले. लोकांनी ते सोडले आणि त्या वर्षी पीक कमी आले. तेव्हा पैगंबरांनी (स.) त्यांना सांगितले की, आपल्या ऐहिक व्यवहाराच्या गोष्टी तुम्ही अधिक जाणता. शेतीच्या तंत्राचा निर्णय अनुभव, प्रयोग आणि जाणकारी यांवर सोपवला गेला, हा या प्रसंगाचा धडा आहे. एखादे वाण शरीराला अपायकारक आहे की नाही, हे ठरवण्याचा मार्गही तोच आहे.

जाणकारांचे म्हणणे काय आहे? अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या विस्तृत अहवालात निष्कर्ष काढला की, बाजारात असलेल्या जनुकीय बदल केलेल्या पिकांचे अन्न इतर अन्नापेक्षा मानवी आरोग्यास अधिक धोकादायक असल्याचा भक्कम पुरावा आढळला नाही. जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका अशी आहे की, जी उत्पादने तपासणीतून जाऊन जागतिक बाजारात आली आहेत त्यांच्यापासून धोका संभवत नाही. परंतु सर्वच उत्पादनांबाबत एक सरसकट विधान करता येणार नाही, प्रत्येकाची स्वतंत्र तपासणी झाली पाहिजे.

हे दुसरे वाक्य महत्त्वाचे आहे. त्याचा अर्थ एका जुन्या उदाहरणावरून कळेल. एका कंपनीने सोयाबीनची पौष्टिकता वाढवण्यासाठी त्यात ब्राझील नट या कवचफळाचे जनुक घातले होते. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत आढळले की, ज्यांना ब्राझील नटची अॅलर्जी आहे त्यांच्या रक्ताची या सोयाबीनवरही तशीच प्रतिक्रिया होते. कंपनीने ते सोयाबीन बाजारात आणले नाही. येथे तपासणीने आपले काम चोख केले. पण तपासणी झाली नसती तर, सोयाबीन समजून खाणाऱ्या त्या रुग्णाने स्वतःला कसे वाचवले असते?

२००० साली अमेरिकेत ‘स्टारलिंक’ नावाचा मका गाजला. त्यातील प्रथिनामुळे अॅलर्जी होईल की काय, ही शंका मिटली नव्हती. म्हणून त्याला फक्त जनावरांच्या खाद्यासाठी परवानगी होती. तरीही तो माणसांच्या खाद्यपदार्थांत सापडला आणि शेकडो उत्पादने दुकानांतून परत घ्यावी लागली. त्रास झाल्याची तक्रार करणाऱ्यांच्या रक्ताची सरकारी तपासणी झाली, तेव्हा त्या प्रथिनाची अॅलर्जी असल्याचा पुरावा मिळाला नाही. म्हणजे अपाय सिद्ध झाला नाही, पण कागदावर वेगळे ठेवलेले धान्य गोदामात वेगळे राहत नाही, हे सिद्ध झाले.

उलट बाजूची उदाहरणेही आहेत. २०१२ साली फ्रान्समधील एका शास्त्रज्ञ गटाने जीएम मका खाल्लेल्या उंदरांना गाठी झाल्याचा दावा केला. त्या उंदरांची छायाचित्रे जगभर पसरली. पुढच्याच वर्षी ज्या नियतकालिकाने तो शोधनिबंध छापला होता त्यानेच तो मागे घेतला, कारण इतक्या थोड्या उंदरांवरून असा निष्कर्ष काढता येत नव्हता. छायाचित्रे मात्र आजही मोबाइलवर फिरत असतात.

सूरह अल-हुजुरातच्या सहाव्या आयतीत बातमीची शहानिशा करण्याची आज्ञा आहे, नाही तर अजाणतेपणी एखाद्या समूहाला हानी पोहोचवून नंतर पश्चात्ताप करावा लागेल. सूरह बनी इस्राईलच्या ३६ व्या आयतीत ज्याचे ज्ञान नाही त्याच्या मागे लागण्यास मनाई आहे. कान, डोळे आणि हृदय या सर्वांचा जाब विचारला जाणार आहे. अमुक भाजी खाल्ल्याने कर्करोग होतो, असा मजकूर पडताळणी न करता पुढे पाठवणाऱ्याच्या बोटालाही हा जाब लागू आहे. ती भाजी विकून पोट भरणारा हातगाडीवाला या आयतीतील ‘हानी पोहोचलेल्या’ माणसांत मोडू शकतो.

हलाल-हरामचा प्रश्न

जनुकात फेरफार करणे म्हणजेच अल्लाहच्या निर्मितीत बदल करणे, म्हणून हे सारे हराम, असे काही जण सूरह अन्-निसाच्या ११९ व्या आयतीच्या आधारे म्हणतात. त्या आयतीत सैतानाच्या प्रतिज्ञेचा उल्लेख आहे आणि तिचा अन्वयार्थ भाष्यकारांनी वेगवेगळ्या प्रकारे केला आहे. काहींनी तिचा संबंध मूर्तींच्या नावे जनावरांचे कान कापण्याच्या प्रथेशी जोडला, तर काहींनी मूळ नैसर्गिक धर्म बदलण्याशी. प्रत्येक बदल निषिद्ध मानला तर कलम करणे आणि संकरित बीही निषिद्ध ठरेल, जे कोणीही मानत नाही. दुसरीकडे सूरह अन्-नह्लच्या ११६ व्या आयतीत आपल्या जिभेने मनमानीपणे हे हलाल, ते हराम असे ठरवण्याबद्दल कडक ताकीद आहे. म्हणून या विषयात उलमांच्या सामूहिक निर्णयाकडे पाहिले पाहिजे.

मक्का येथील राबिता आलमे इस्लामीच्या फिकह परिषदेने १९९८ सालच्या पंधराव्या अधिवेशनात या विषयावर निर्णय दिला. शेती आणि पशुपालनात जनुकीय अभियांत्रिकीचा वापर वैध आहे. मात्र माणूस, प्राणी किंवा पर्यावरण यांना दीर्घकाळानंतरदेखील हानी पोहोचू नये, यासाठी सर्व खबरदारी घेतली पाहिजे, अशी अट त्यात आहे. इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेनेही २०१३ मध्ये हे तंत्र सशर्त वैध मानले आणि डुकरासारख्या निषिद्ध स्रोतातील जनुकाला त्यातून वगळले. मलेशियाच्या राष्ट्रीय फतवा समितीने तर १९९९ मध्येच डुकराच्या डीएनएचा वापर करून बनवलेले अन्न शरीअतविरुद्ध ठरवले होते.

हे तंत्र अनेकदा आपल्या सोयीचेही ठरले आहे. मधुमेहाच्या रुग्णांना दिले जाणारे इन्सुलिन पूर्वी गाय आणि डुकराच्या स्वादुपिंडातून काढले जात असे. १९८२ पासून मानवी जनुक घातलेल्या जिवाणूंकडून ते बनवले जाऊ लागले आणि मुस्लिम रुग्णांची एक मोठी अडचण दूर झाली. चीज बनवण्यासाठी वासराच्या जठरातून काढले जाणारे विकरही १९९० पासून याच पद्धतीने तयार होऊ लागले.

परंतु तंत्र एकच असले तरी त्याचा उपयोग दुसऱ्या दिशेनेही होऊ शकतो. मूलेक सायन्स या कंपनीने २०२३ मध्ये असे सोयाबीन जाहीर केले की ज्याच्या दाण्यात डुकराच्या मांसातील मायोग्लोबिन हे प्रथिन तयार होते. दाण्यातील विद्राव्य प्रथिनांपैकी सुमारे चौथा हिस्सा या प्रथिनाचा असल्याचे कंपनीने सांगितले. शाकाहारी पदार्थाला मांसाचा रंग आणि चव यावी, हा त्यामागील हेतू. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या कृषी विभागाने या पिकाला जनुकीय पिकांसाठीच्या आपल्या नियमनातून मोकळे केले. भारतात अशा सोयाबीनच्या लागवडीला परवानगी नाही आणि घाबरून जाण्याचेही कारण नाही. पण दाणा दिसायला सोयाबीनचाच आहे. डोळ्याने, नाकाने किंवा जिभेने हा भेद करता येणार नाही. तो फक्त वेष्टनावरील अक्षरांनीच करता येईल.

यावर फिकहची दृष्टीही एकच नसेल. एखादा पदार्थ पूर्णपणे रूपांतरित झाला तर त्याचा हुकूम बदलतो काय, याला फिकहमध्ये ‘इस्तिहाला’ म्हणतात. दारूचा आपोआप सिरका झाला तर तो पाक आहे, याबाबत एकमत आहे. हनफी फकीहांनी या तत्त्वाला व्यापक मानले आहे. मिठाच्या खाणीत पडून मीठच झालेल्या जनावराचे उदाहरण त्यांच्या ग्रंथांत येते. शाफई मतात या तत्त्वाची कक्षा बरीच मर्यादित आहे. महाराष्ट्रात देशावरील मुस्लिम समाज प्रामुख्याने हनफी, तर कोकणातील प्रामुख्याने शाफई. उद्या जनुकाची प्रयोगशाळेत बनवलेली प्रत मूळ प्राण्याच्या हुकमात येते काय, यावर दोन्हीकडील उलमा भिन्न मते देऊ शकतील. प्रत्येक घराने आपापल्या विश्वासू आलिमच्या मार्गदर्शनानुसार वागावे, हे योग्यच. पण पिशवीत काय आहे हेच माहीत नसेल, तर आलिमला विचारणार तरी काय? मतभेदाचा आदर राखण्यासाठीही माहिती आधी लागते.

ओल्या धान्याचा ढीग

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. हजरत अबू हुरैरा (रजि.) यांनी कथन केलेली आणि सहीह मुस्लिममध्ये नोंदवलेली घटना सर्वश्रुत आहे. पैगंबर (स.) बाजारातून जात असताना धान्याच्या एका ढिगाजवळ थांबले. त्यांनी ढिगात हात घातला तेव्हा बोटांना ओल लागली. विचारणा केल्यावर विक्रेता म्हणाला की, पावसाने धान्य भिजले. त्यावर पैगंबरांनी (स.) विचारले की, मग भिजलेला भाग लोकांना दिसावा म्हणून वर का ठेवला नाहीस? आणि जो फसवतो तो आपल्यापैकी नाही, असे बजावले.

या घटनेकडे जरा बारकाईने पाहावे. धान्य हराम नव्हते. त्यात विष नव्हते. ते पावसाने भिजले होते, विक्रेत्याने पाणी ओतले नव्हते. ते विकण्यास मनाईही केली गेली नाही. विक्रेत्याने कोणतेही खोटे विधान केले नव्हते, तो फक्त गप्प राहिला होता. तरीही ती फसवणूक ठरली, कारण जी गोष्ट कळली असती तर ग्राहकाने वेगळा विचार केला असता, ती ढिगाच्या तळाशी राहिली.

दुसरी हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. विक्रीपूर्वी दोन-तीन दिवस जनावराचे दूध न काढता कास भरलेली दाखवणे, याला पैगंबरांनी (स.) मनाई केली. असे जनावर ज्याने घेतले असेल त्याला दूध काढून पाहिल्यानंतर ते ठेवण्याचा अथवा परत करण्याचा अधिकार दिला. येथेही जनावर हलाल, दूध शुद्ध, पिणाऱ्याला काही अपाय नाही. दोष आहे तो केवळ खऱ्या स्थितीवर पडदा टाकण्यात.

या दोन्ही शिकवणींवरून स्पष्ट होते की, वस्तू निर्धोक आहे हे उत्तर माहिती लपवण्यासाठी पुरेसे नाही. विक्रेता म्हणेल, खाऊन काही होत नाही. कदाचित ते खरेही असेल. पण खावे की न खावे याचा निर्णय खाणाऱ्याचा आहे, आणि त्याला लागणारी माहिती ही विक्रेत्याकडे असलेली अमानत आहे. हकीम बिन हिजाम (रजि.) यांच्या हदीसनुसार, विक्रेता आणि ग्राहक खरे बोलले व सर्व स्पष्ट केले तर त्यांच्या सौद्यात बरकत होते आणि लपवाछपवी केली तर ती बरकत नष्ट होते. मक्केच्या त्या १९९८ च्या निर्णयातही नेमकी हीच गोष्ट आहे. जनुकीय तंत्राने अन्न आणि औषधे बनवणाऱ्या कंपन्यांनी आपल्या उत्पादनातील घटक जाहीर करावेत, म्हणजे लोक जे वापरतील ते जाणून-समजून वापरतील, असे आवाहन परिषदेने केले. वैधतेचा निर्णय आणि माहितीचा आग्रह एकाच ठरावात आहेत. पहिला दिल्यामुळे दुसरा अनावश्यक झाला नाही.

जगातील नियम आणि आपली स्थिती

युरोपीय संघात एखाद्या घटकात ०.९ टक्क्यांहून अधिक जनुकीय बदललेला अंश असेल तर वेष्टनावर उल्लेख सक्तीचा आहे. अत्यंत शुद्ध केलेल्या तेलात जनुकाचा मागमूस उरत नसला तरी ते तेल अशा पिकाचे असल्यास तसे लिहावे लागते. तेथे पिकाचे मूळ पाहिले जाते. अमेरिकेने २०१६ मध्ये कायदा केला आणि १ जानेवारी २०२२ पासून तो पूर्णपणे सक्तीचा झाला. तेथे अनवधानाने आलेल्या ५ टक्क्यांपर्यंतच्या अंशाला सूट आहे आणि ज्या शुद्ध तेलात वा साखरेत बदललेले जनुक आढळत नाही त्यांना उल्लेखातून वगळले आहे. तेथे पिकाच्या मुळापेक्षा अंतिम पदार्थात काय सापडते ते पाहिले जाते. इस्तिहालाच्या चर्चेशी परिचित असलेल्या वाचकाला या दोन भूमिकांतील फरक लगेच उमगेल.

भारतात १ जानेवारी २०१३ पासून वेष्टनबंद वस्तूंच्या नियमानुसार जनुकीय बदल केलेले अन्न असलेल्या पाकिटाच्या दर्शनी भागावर सर्वांत वर ‘जीएम’ ही अक्षरे असणे आवश्यक आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२१ मध्ये १ टक्क्याची मर्यादा सुचवणारा मसुदाही मांडला. प्रत्यक्षात काय दिसते? दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने २०१८ मध्ये ६५ खाद्यपदार्थ तपासले. त्यांपैकी ३२ टक्के नमुन्यांत जनुकीय बदल आढळला. त्यांतील बहुतेक आयात केलेले होते. देशी नमुन्यांत आढळले ते सरकीच्या तेलात. यांपैकी बहुतेकांच्या वेष्टनावर त्याचा उल्लेख नव्हता, आणि काहींवर तर जीएम-मुक्त असल्याचा दावा होता. जनुकीय मोहरीच्या खटल्यात जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे मोहरीविषयी मतभेद झाले, तरी आयात होणाऱ्या जीएम अन्नाच्या, विशेषतः खाद्यतेलाच्या, वेष्टनावरील माहितीचे कायदेशीर नियम पाळले जावेत, असे न्यायालयाने सांगितले. सुरक्षिततेवर मतभेद असतानाही माहितीच्या हक्कावर सहमती होऊ शकते, याचे हे ठळक उदाहरण आहे.

दोन आक्षेपांचा विचार

उल्लेख केल्याने लोक विनाकारण घाबरतील, असा पहिला आक्षेप आहे. तो निराधार नाही, कारण लोक खरोखर घाबरतात. पण अज्ञान हा भीतीवरचा उपाय नाही. आपल्यापासून काही लपवले गेले, हे नंतर कळणे अधिक भीतिदायक असते. वेष्टनावरील उल्लेख हा धोक्याचा इशारा नाही, वस्तूची ओळख आहे, हे लोकांना समजावणे जाणत्यांचे काम आहे. तसेच जीएम-मुक्त या शब्दांचा व्यापारही योग्य नाही. मिठात जनुकेच नसतात. ‘जीएम-मुक्त मीठ’ असे छापून जास्त दाम घेणारा मनुष्यही ग्राहकाच्या अज्ञानाची किंमत वसूल करत असतो.

दुसरा आक्षेप खर्चाचा आहे. शेतापासून दुकानापर्यंत धान्य वेगळे ठेवणे आणि तपासणे महाग पडते. आठवडी बाजारात पाटीत वांगी घेऊन बसलेल्या बाईने लेबल कुठे लावायचे? हा प्रश्न खरा आहे. न्याय असा की, ज्याच्याकडे माहिती आणि साधन जास्त, त्याच्यावर जबाबदारीही जास्त. बियाणे बनवणारा, जहाजभर तेल आयात करणारा आणि कारखान्यात पाकीट भरणारा यांना आपल्या मालाचे मूळ ठाऊक असते. प्रथम त्यांनी सांगावे. सुट्या भाजीच्या विक्रेत्यावर सर्व भार टाकणे म्हणजे दुर्बलाच्या गळ्यात ओझे बांधणे होय.

आपली कर्तव्ये

जे व्यापारात आहेत, विशेषतः किराणा, तेल, पशुखाद्य, बेकरी यांच्या व्यवसायात, त्यांनी आपल्या मालाविषयी विचारले असता जेवढे ठाऊक आहे तेवढे खरे सांगावे. शेतकरी बांधवांनी परवानगी नसलेले बियाणे चोरून आणून लावू नये. त्याची तपासणी झालेली नसते आणि फसगत झाली तर दादही मागता येत नाही.

जे ग्राहक आहेत त्यांनी वेष्टन वाचण्याची सवय लावावी, मुलांनाही लावावी. खाद्यतेल कोणत्या पिकाचे आहे, माल आयात केलेला आहे काय, हे पाहावे. पॅकेटवर शंकास्पद काही आढळले तर अफवा पसरवण्याऐवजी अन्नसुरक्षा विभागाकडे अथवा ग्राहक मंचाकडे लेखी तक्रार करावी. हा नागरी मार्ग आहे आणि साक्ष न लपवण्याच्या कुरआनी आदेशाशी सुसंगत आहे.

त्याचबरोबर अतिरेकी संशयही टाळावा. हजरत आयशा (रजि.) यांच्या कथनानुसार काही लोकांनी विचारले की, आमच्याकडे मांस येते, पण त्यावर अल्लाहचे नाव घेतले गेले की नाही हे आम्हाला ठाऊक नसते. त्यावर, तुम्ही स्वतः अल्लाहचे नाव घ्या आणि खा, असे पैगंबरांनी (स.) सांगितले. ही हदीस बुखारीत आहे. जेथे शंकेला आधार नाही तेथे पाहुण्याने यजमानाच्या ताटाची उलटतपासणी करू नये, शेजारणीने आणून दिलेली भाजी नाकारू नये. चौकशी बाजारात करावी, दस्तरखानावर नव्हे.

शास्त्र पुढे जात राहील, नवी पिके येतील, काही निर्धोक ठरतील, काही नाकारली जातील. आपल्याकडून अपेक्षा एवढीच की, जे आपल्या हातात आहे ते उघडे ठेवावे आणि जे माहीत नाही त्यावर जीभ चालवू नये. ढिगाचा भिजलेला भाग वर ठेवणे हे विक्रेत्याचे काम, आणि कोरड्या धान्याला ओले न म्हणणे हे ग्राहकाचे.

अल्लाह आम्हा सर्वांना हलाल आणि तय्यब उपजीविका प्रदान करो, आमच्या व्यवहारांत सचोटी आणि बरकत देवो आणि आमच्या जिभांना असत्यापासून दूर ठेवो. आमीन.

घरात चर्चेसाठी प्रश्न

१. ओल्या धान्याच्या घटनेत विक्रेता खोटे बोलला नव्हता, तरी ती फसवणूक का ठरली?

२. एखादी वस्तू निर्धोक असली तरी तिची माहिती देणे का आवश्यक आहे? दुभत्या जनावराच्या हदीसच्या आधारे सांगा.

३. गेल्या महिन्याभरात अन्नाविषयीचा कोणता संदेश आपण पडताळणी न करता पुढे पाठवला? तो खरा होता काय, हे आता कसे तपासता येईल?